नफा नको, मुद्दलही नको. हिशेब मात्र हवा

दलाल स्ट्रीटवर 1875 पासून जे काही विकले-घेतले गेले, त्यामागे अपेक्षा एकच होती. आज घातलेला रुपया उद्या सव्वा रुपया होऊन परत यावा. बुडाला तर नशीब, पण अपेक्षा तीच. त्याच बाजारात आता असा एक रोखा मिळतो, ज्यावर व्याज नाही, मुदत संपल्यावर मुद्दल नाही आणि मधल्या काळात तो दुसऱ्याला विकताही येत नाही. घेणाऱ्याच्या डीमॅट खात्यात तो काही काळ दिसतो आणि मुदत संपली की नाहीसा होतो. घेणारा वारला तर वारसाच्या नावावर चढवायची सोय नियमात ठेवली आहे. वारसाला त्यातून काय मिळणार, हे विचारायचे नाही.

या रोख्याला नियमांच्या पुस्तकात ‘झिरो कूपन झिरो प्रिन्सिपल’ म्हणतात. नाव भारदस्त असले तरी व्यवहार जुनाच आहे. ही देणगी आहे. सेबीच्या देखरेखीखाली, शेअर बाजाराच्या खिडकीतून, रीतसर अर्ज भरून दिलेली देणगी. ज्या मंचावर ती दिली जाते त्याचे नाव सोशल स्टॉक एक्सचेंज. मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजार या दोघांनीही आपापल्या छताखाली असा स्वतंत्र विभाग उघडला आहे.

कल्पना सरकारी भाषेत पहिल्यांदा आली ती 5 जुलै 2019 रोजी. निर्मला सीतारामन यांनी आपल्या पहिल्या अर्थसंकल्पीय भाषणात, सामाजिक उद्योग आणि स्वयंसेवी संस्थांना भांडवल उभारता यावे म्हणून सेबीच्या अखत्यारीत असा बाजार उभा करण्याची घोषणा केली. मग आपल्याकडे जे होते ते झाले. आधी इशात हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली एक कार्यगट, त्याचा अहवाल जून 2020 मध्ये. मग ‘नाबार्ड’चे माजी अध्यक्ष हर्षकुमार भानवाला यांचा तांत्रिक गट, त्याचा अहवाल मे 2021 मध्ये. जुलै 2022 मध्ये केंद्राने या बिनपरताव्याच्या रोख्याला कायद्याने ‘प्रतिभूती’चा दर्जा दिला आणि त्याच महिन्यात सेबीचे नियम आले. पहिली संस्था प्रत्यक्ष सूचिबद्ध झाली ती डिसेंबर 2023 मध्ये. घोषणेपासून पहिल्या रुपयापर्यंत साडेचार वर्षे. सरकारी मापाने हा काही फार उशीर नव्हे.

ही पहिली संस्था बंगळुरूची एसजीबीएस उन्नती फाउंडेशन. महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला असलेल्या गरीब घरांतल्या मुलामुलींना नोकरीसाठी तयार करणे हे तिचे काम. तिने दोन कोटी रुपये मागितले होते, एक कोटी ऐंशी लाख मिळाले. एखाद्या सामाजिक संस्थेसाठी रक्कम वाईट नाही. पण त्याच डिसेंबरात मुख्य बाजारात एकेक कंपनी शेकडो कोटी रुपये दोन-तीन दिवसांत उचलत होती, हे शेजारी ठेवून पाहिले की प्रमाण कळते. त्यानंतर नोंदणी केलेल्या संस्थांचा आकडा शंभराच्या पुढे गेला आहे. मात्र नोंदणी वेगळी आणि पैसे उभारणे वेगळे. नोंदणी केली की लगेच रोखा काढलाच पाहिजे असे नाही आणि प्रत्यक्ष रोखा काढलेल्या संस्था नोंदणी झालेल्यांच्या तुलनेत मूठभरच आहेत.

असे का व्हावे?

एक कारण प्रवेशद्वारावरच दिसते. बाजारात यायला संस्था किमान तीन वर्षे जुनी हवी, मागच्या वर्षी तिने किमान पन्नास लाख रुपये खर्च केलेले हवेत आणि किमान दहा लाखांचा निधी मिळवलेला हवा. तिच्या कामापैकी सरासरी 67 टक्के काम नियमांत दिलेल्या सामाजिक क्षेत्रांतले असले पाहिजे. त्यानंतर निधी उभारणीचा मसुदा एकवीस दिवस लोकांच्या हरकती-सूचनांसाठी एक्सचेंजच्या संकेतस्थळावर ठेवायचा. पैसे मिळाले की दर तिमाहीला ते कुठे खर्च झाले याचे विवरण द्यायचे आणि वर्षाकाठी ‘प्रभाव अहवाल’ द्यायचा. तो अहवाल संस्थेने स्वतः लिहून भागत नाही. परीक्षा देऊन नोंदणी झालेल्या मूल्यांककाने तो तपासलेला असावा लागतो. यातली प्रत्येक अट आपापल्या जागी रास्त आहे. पण सगळ्या एकत्र केल्या की त्या पेलणारी संस्था कोणती, हे उघड होते. जिच्याकडे आधीच पूर्णवेळ हिशेबनीस आहे, इंग्रजीत प्रस्ताव लिहिणारा माणूस आहे आणि दोन-चार कंपन्यांचा निधी आहे, ती. नंदुरबारच्या एखाद्या पाड्यावर वीस लाखांच्या वार्षिक खर्चात कुपोषणावर काम करणारा गट या दारापर्यंत पोहोचतच नाही. जो पोहोचतो त्याला त्या दाराची गरज सगळ्यात कमी असते.

सेबीलाही हे दिसले असावे. सुरुवातीला रोख्याची किमान रक्कम एक कोटी होती, ती पन्नास लाखांवर आणली. अर्जदाराने घालायची किमान रक्कम दोन लाख होती. ती आधी दहा हजार आणि मार्च 2025 मध्ये एक हजार रुपये झाली. दोन वर्षांच्या आत दोन लाखांवरून एक हजारावर! लहान माणूस येत नाही म्हणून दार दोनदा मोठे केले, असाच याचा अर्थ निघतो. ‘नाबार्ड’कडे शंभर कोटी रुपयांचा क्षमताबांधणी निधी ठेवण्याचेही ठरले. म्हणजे यंत्रणा आडमुठी आहे असे म्हणता येणार नाही. तिला गिऱ्हाईक नेमके कोण आहे, हेच अजून उमगलेले नाही.

मार्च 2024 मध्ये देशातल्या डीमॅट खात्यांनी पंधरा कोटींचा टप्पा ओलांडला. बाजारातल्या गुंतवणूकदारांच्या संख्येत महाराष्ट्र देशात पहिला आहे. या मंडळींना ‘एक हजार रुपये घाला, परत काही मिळणार नाही’ असे मोबाइलच्या त्याच पडद्यावर सांगायचे, जिथे ते सकाळी सव्वानऊला निफ्टी पाहतात. तिथे माणसाचे डोके वेगळ्या हिशेबात असते. दान करायला निघालेला माणूस दलालाच्या ॲपवर जात नाही. तो यूपीआयने पैसे पाठवतो, 80जीची पावती घेतो आणि कामाला लागतो. त्याला डीमॅट खाते कशाला हवे? या साध्या प्रश्नाचे उत्तर सोशल स्टॉक एक्सचेंजने अजून दिलेले नाही. उत्तर नाही असे मात्र नाही.

जगात हा प्रयोग करणारे आपण पहिले नव्हेत, आणि ही माहिती फारशी उत्साह वाढवणारी नाही. ब्राझीलच्या शेअर बाजाराने 2003 मध्ये असा सामाजिक बाजार सुरू केला. दक्षिण आफ्रिकेने 2006 मध्ये, पोर्तुगालने 2009 मध्ये त्याचे अनुकरण केले. तिघांचीही पद्धत जवळपास एकच होती: संस्थांचे प्रकल्प तपासायचे, यादीत लावायचे, देणगीदाराला ‘सामाजिक शेअर’ द्यायचा. यातला एकही बाजार आज मूळ रूपात चालू नाही. लंडनचा सामाजिक शेअर बाजार जून 2013 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांच्या हस्ते थाटात सुरू झाला. तिथे तर खरेदी-विक्रीच होत नव्हती. आधीच दुसऱ्या बाजारांत असलेल्या डझनभर कंपन्यांची ती सूची होती. त्यांनी सामाजिक परिणामांचा अहवाल दिला की त्यांना त्या सूचीत जागा. काही वर्षांत तो प्रयत्नही विरला. विशेष म्हणजे 2006 च्या डिसेंबरात ओस्लोमध्ये नोबेल स्वीकारताना मुहम्मद युनूस यांनी सामाजिक उद्योगांसाठी स्वतंत्र शेअर बाजार हवा, असे जाहीरपणे मांडले होते. कल्पनेला नोबेलचे व्यासपीठ मिळाले, लंडनचे कौतुक मिळाले. टिकाऊ गिऱ्हाईक मात्र मिळाले नाही.

टिकले ते वेगळ्या जातीचे प्रयोग. सिंगापुरात दुरीन शाहनाज या बांगलादेशी वंशाच्या बाईंनी 2009 मध्ये इम्पॅक्ट इन्व्हेस्टमेंट एक्सचेंज ही संस्था काढली. तिने 2017 मध्ये सिंगापूर शेअर बाजारात स्त्रियांच्या उपजीविकेसाठीचा 80 लाख डॉलरचा रोखा आणला. कंबोडिया, फिलिपिन्स, व्हिएतनाम इथल्या बायकांना कर्ज देणाऱ्या संस्थांकडे तो पैसा गेला. रोख्यावर रीतसर व्याज होते, चार वर्षांची मुदत होती आणि मुदतीत पूर्ण परतफेडही झाली. म्हणजे देणगीला बाजाराचा सदरा घातलेला नव्हता. ते खरोखरचे कर्ज होते. पण त्यातही एक मेख होती. निम्म्या मुद्दलाला हमी होती ती अमेरिकी सरकारच्या ‘यूएसएड’ची. ती संस्थाच 2025 मध्ये ट्रम्प प्रशासनाने मोडीत काढली. परक्याच्या खिशावर उभ्या असलेल्या समाजकार्याचे काय होते, याचा हा ताजा दाखला.

आपल्याकडे परदेशी पैशाची वाट आधीच अरुंद झाली आहे. परदेशी निधीच्या कायद्यातल्या सप्टेंबर 2020 च्या दुरुस्तीनंतर असा निधी घेणाऱ्या मोठ्या संस्थेला तो दुसऱ्या लहान संस्थेकडे वळता करता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली. पूर्वी मुंबई-दिल्लीतली एखादी संस्था परदेशातून निधी आणायची आणि गडचिरोली, मेळघाट, जव्हार इथल्या पाच-सहा गटांत वाटायची. ती साखळी एका फटक्यात तुटली. उरला कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी, म्हणजे सीएसआर. तो वर्षाला तीस हजार कोटींच्या घरात आहे आणि त्याचा सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्रातच खर्च होतो. पण कुठे? कंपनीचा कारखाना आणि मुख्यालय जिथे, त्याच्या आसपास. मुंबई, पुणे, ठाणे, रायगड सुखात. हिंगोलीला विचारणारे कुणी नाही. देशांतर्गत, कुणा एका कंपनीच्या मर्जीवर न चालणारा, सामान्य माणसाकडून थेंबाथेंबाने येणारा पैसा म्हणूनच महत्त्वाचा आहे. सोशल स्टॉक एक्सचेंजची गरज खरी आहे ती इथे.

या बाजाराची दुसरी बाजू नफा कमावणाऱ्या सामाजिक उद्योगांची. त्यांना इथे साधे शेअर काढून भांडवल उभारता येते. त्याबद्दल फार बोलण्यासारखे अजून घडलेले नाही, पण जे आधी घडून गेले आहे ते विसरण्यासारखे नाही. ऑगस्ट 2010 मध्ये हैदराबादची एसकेएस मायक्रोफायनान्स मुख्य बाजारात सूचिबद्ध झाली. गरीब बायकांना विनातारण छोटी कर्जे देणारी ही कंपनी. शेअरची किंमत 985 रुपये, मागणी तेरापटीहून अधिक, उभारलेली रक्कम सोळाशे कोटींच्या वर. गरिबीवर व्यवसायाने मात करता येते, याचे ते जगभरातले झळझळीत उदाहरण ठरले. दोनच महिन्यांत आंध्र प्रदेशात कर्जवसुलीच्या जाचाने झालेल्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या, ऑक्टोबरात राज्य सरकारने अध्यादेश काढला, वसुली ठप्प झाली. हजाराच्या वर गेलेला शेअर दोन वर्षांच्या आत शंभराच्या खाली आला. शेअरधारकाला दर तिमाहीला वाढ हवी असते, कर्जदार बाईला सवड हवी असते. ही ओढाताण एकाच ताळेबंदात बसवताना कंपनीने कुणाची बाजू घेतली, ते सगळ्यांनी पाहिले. युनूस यांनी या भागविक्रीवर तेव्हाच कडाडून टीका केली होती, हेही नोंदवले पाहिजे. सामाजिक शेअर बाजाराची मागणी करणारा माणूसच गरिबांच्या कर्जावर नफा कमावणाऱ्या बाजाराला विरोध करत होता. त्यात विसंगती नाही. त्यांना बाजार हवा होता, पण तिथे भाव सामाजिक कामाचा ठरावा, ही त्यांची अट होती.

पण सामाजिक कामाचा भाव ठरवायचा कसा?

याच्या उत्तरासाठी दूर जायला नको. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने नव्वदच्या दशकात नवजात बालकांचे मृत्यू रोखण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बाईला प्रशिक्षण द्यायचे, तिने घरी जाऊन बाळ पाहायचे, जंतुसंसर्गावर औषध द्यायचे. हा प्रयोग 39 गावांत केला आणि तुलनेसाठी तसलीच 47 गावे नुसती पाहिली. आधी दोन वर्षे फक्त मोजमाप, मग तीन वर्षे काम. प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने 62 टक्क्यांनी कमी झाल्याचे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. पुढे हीच पद्धत ‘आशा’ कार्यकर्तींच्या मार्फत देशभर गेली. सामाजिक परिणाम मोजणे म्हणजे काय, ते हे. त्याला वर्षे लागतात, तुलनेची गावे लागतात आणि परिणाम उलटा आला तर तोही छापायची तयारी लागते.

एक्सचेंजच्या वार्षिक अहवालाकडून कुणी ‘लॅन्सेट’च्या दर्जाची अपेक्षा करत नाही. पण आर्थिक वर्ष संपल्यावर काही महिन्यांत द्यायच्या त्या अहवालात संस्था काय लिहू शकते? इतक्या शाळांत गेलो, इतक्या मुलांना पुस्तके दिली, इतक्या बायकांची शिबिरे घेतली. मुलांना वाचता येऊ लागले का, हे वर्षभरात कळत नाही, आणि आपल्यामुळेच आले का, हे तर त्याहून नाही. मूल्यांकक बहुधा सनदी लेखापाल, कंपनी सचिव अशा पार्श्वभूमीचे; त्यांची नोंदणी करणाऱ्या संस्थाही त्याच व्यवसायांच्या शिखर संस्थांनी काढलेल्या. आकडे जुळतात का, हे ते चोख पाहतील. पाड्यावरच्या मुलाचे वजन का वाढत नाही, हे पाहायला वेगळा माणूस लागतो. सांगायला सोपे तेच मोजले जाते, आणि मोजता येते तेवढ्याच कामाला पैसा मिळू लागला की संस्था ते काम वाढवतात. व्यसनमुक्ती, जातपंचायतीविरुद्धचा लढा, भटक्या जमातींना कागदपत्रे मिळवून देणे, असल्या कामांत पाच वर्षे काहीच घडताना दिसत नाही आणि मग एकदम बरेच घडते. अशा कामाचा तिमाही अहवाल काय लिहायचा?

राजस्थानातल्या भिलवाडा जिल्ह्यात ‘एज्युकेट गर्ल्स’ या संस्थेने 2015 ते 2018 मध्ये एक वेगळा मार्ग चोखाळला. एका स्विस बँकेच्या प्रतिष्ठानाने आधी पैसे घातले. ठरलेले परिणाम दिसले तरच दुसऱ्या एका प्रतिष्ठानाने ते नफ्यासह परत करायचे, असा करार. परिणाम तिसऱ्याच संस्थेने मोजायचे. शिकण्यातल्या प्रगतीचे लक्ष्य 160 टक्के, पटनोंदणीचे 116 टक्के गाठले गेले आणि पैसे घालणाऱ्याला वार्षिक सुमारे पंधरा टक्के परतावा मिळाला. पिंपरी-चिंचवड महापालिकेनेही डिसेंबर 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाबरोबर अशाच धर्तीच्या सामाजिक प्रभाव रोख्याचा करार केला होता. या मार्गात मोजणारा, पैसे घालणारा आणि फेडणारा असे तिघेही मोठे लागतात. हजार रुपये देणाऱ्या माणसाला त्यात जागा नाही.

आणि महाराष्ट्रात हजार रुपये देणारा माणूस आहे. शंभर वर्षांपूर्वीही होता. तेव्हा तो एक पैसा देत होता. अंताजी दामोदर काळे यांनी दर माणशी वर्षाला एक पैसा मागून स्वदेशी उद्योग उभारण्याची कल्पना काढली. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली. 1908 मध्ये तळेगाव दाभाडे इथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. लाभांशाची आशा कुणी धरली नव्हती. लोकांच्या पैशातून कारखाना निघाला, तिथे शिकलेले कारागीर देशात इतरत्र काचेच्या कारखान्यांत गेले. आजच्या परिभाषेत सांगायचे तर बिनव्याजाचा, बिनपरतफेडीचा, लोकांनी घेतलेला सामाजिक उद्योगाचा तो रोखा होता. फक्त त्याला डीमॅट खाते लागत नव्हते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेसाठी मुष्टी फंड चालवला. घरोघरच्या बाया मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत. ज्यांच्याकडे पैसाही नव्हता त्यांचाही हिस्सा त्यात होता.

आजचे उदाहरण हवे असेल तर ‘लोकसत्ता’चा ‘सर्व कार्येषु सर्वदा’ पाहावा. 2011 पासून दर गणेशोत्सवात हे दैनिक दहा संस्थांची ओळख वाचकांना करून देते आणि वाचक धनादेश पाठवतात. पुण्यात पितृपक्षात ‘देणे समाजाचे’ हे प्रदर्शन भरते. तिथे संस्थांचे कार्यकर्ते टेबलामागे बसतात आणि लोक त्यांना समोरासमोर विचारून मगच मदत करतात. या दोन्ही ठिकाणी एक मध्यस्थ आहे. तो संस्था निवडतो, तिची शहानिशा करतो आणि आपली पत पणाला लावतो. देणारा त्या मध्यस्थाला आधीपासून ओळखत असतो, म्हणून अनोळखी संस्थेला पैसे देतो. सेबीलाही नेमके हेच करायचे आहे. तिच्याकडे कायद्याचे बळ आहे, जे वर्तमानपत्राकडे किंवा प्रदर्शनाकडे नाही. एखाद्या संस्थेने पैसे दुसरीकडे वळवले तर वर्तमानपत्र फार तर पुढच्या वर्षी तिचे नाव छापणार नाही. सेबी चौकशी लावू शकते, दंड करू शकते. डीमॅट खाते कशाला, या मघाच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. रोखा घेणाऱ्याला परतावा म्हणून मिळतो तो सक्तीचा, तिमाही, जाहीर हिशेब. यूपीआयच्या पावतीला तो जोडलेला नसतो.

या हिशेबाची किंमत किती आहे, ते 2015 मधल्या एका आकड्यावरून कळते. सीबीआयने तेव्हा सर्वोच्च न्यायालयात सांगितले होते की देशात स्वयंसेवी संस्थांची संख्या तीस लाखांच्या आसपास आहे आणि त्यातल्या दहा टक्केसुद्धा आपला वार्षिक जमाखर्च दाखल करत नाहीत. बाकीच्या सगळ्या लबाड आहेत असे अजिबात नाही. अनेक मृत आहेत, अनेक कागदावरच आहेत, अनेकांना हिशेबनीस परवडत नाही. पण देणाऱ्याला बाहेरून फरक कळत नाही, आणि कळत नसेल तर तो ओळखीच्या दोन-चार नावांपलीकडे जात नाही. त्याच त्या नावाजलेल्या संस्थांना दरवर्षी मदत मिळते, हे आपण पाहतोच.

म्हणून या बाजाराने निधी किती उभारला याची मोजदाद करण्यात फार अर्थ नाही. कोट्यवधींची स्वप्ने दाखवली गेली, ती पुरी होणार नाहीत. ब्राझील, दक्षिण आफ्रिका, पोर्तुगाल यांनी ते आधीच दाखवून दिले आहे. मोजायचे असेल तर किती संस्थांचा हिशेब सामान्य माणसाला वाचता येईल अशा रूपात उघड झाला, ते मोजावे. त्या मापाने पाहिले तर आजची रचना उलटी आहे. हिशेब उघड करणे ही निधी मागण्याची किंमत मानली आहे आणि ती किंमत लहान संस्थेला परवडत नाही.

ती परवडेल अशी करणे सेबीच्या हातात आहे. वर्षाला पन्नास लाखांच्या खर्चाची अट लहान संस्थांच्या गटाला एकत्रितपणे पुरी करू द्यावी. एका तालुक्यातल्या किंवा एका विषयातल्या पाच-सहा संस्थांनी मिळून एक रोखा काढावा, एक मूल्यांकक नेमावा. मूल्यांकनाचा खर्च लहान संस्थेसाठी ‘नाबार्ड’कडच्या क्षमताबांधणी निधीतून व्हावा, त्या शंभर कोटींचा याहून सरळ उपयोग दुसरा नाही. मूल्यांककांच्या यादीत आरोग्य, शिक्षण, समाजकार्य या क्षेत्रांत वर्षानुवर्षे काम केलेली माणसे आणावीत. निधी उभारणीच्या जाडजूड दस्तऐवजाचा दोन पानी सारांश ज्या राज्यात काम चालते तिथल्या भाषेत देण्याची सक्ती करावी. ज्या गावात काम होते त्या गावाला संस्थेने आपल्याबद्दल काय लिहिले आहे ते वाचता आले, तर खोटे बोलण्याची हिंमत मूल्यांककाच्या सहीपेक्षा त्या वाचनानेच जास्त आटेल.

राज्याने करायचे काम आणखी सोपे आहे. महाराष्ट्रात 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे, धर्मादाय आयुक्तांचे जिल्हावार कार्यालय आहे आणि विश्वस्त संस्थांना आपले हिशेब तिथे द्यावे लागतात. म्हणजे सेबी ज्यासाठी धडपडते आहे तो कच्चा माल आपल्याकडे पंचाहत्तर वर्षांपासून गोळा होतो आहे. तो देणगीदाराला वाचता येईल असा शोधायला सोप्या संकेतस्थळावर, मराठीत, संस्थेच्या नावानुसार आणि तालुक्यानुसार टाकावा. कोणत्या संस्थेने किती वर्षे हिशेब दिलेला नाही, हेही त्यात दिसावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी समिती लागत नाही. राज्य सरकारने येत्या अर्थसंकल्पात धर्मादाय आयुक्तालयाला एवढ्याच कामासाठी वेगळी तरतूद आणि एक वर्षाची मुदत द्यावी.